शालूचा मान, नाच्याची हेटाळणी

मराठी रंगभूमीच्या पहिल्या नव्वद वर्षांत नाटकाची नायिका बहुतेक वेळा पुरुष असे. विष्णुदास भावे यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ उभे केले, तेव्हा सीतेच्या वेषात मुलगा होता. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या मंडळीत शकुंतला आणि सुभद्रा या भूमिकांनी गाजले ते भाऊराव कोल्हटकर. ‘शारदा’ या अजाण मुलीचे दुःख महाराष्ट्राने ज्यांच्या तोंडून ऐकले ते केशवराव भोसले आणि नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व. ‘नाट्यमन्वंतर’ने १ जुलै १९३३ रोजी ‘आंधळ्यांची शाळा’ रंगमंचावर आणले आणि स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी करण्याची रीत प्रतिष्ठित नाटकांत रुजली. तोवर लुगडे नेसून उभ्या राहणाऱ्या पुरुषाला नाटकवाले ‘स्त्रीपार्टी’ म्हणत, आणि चांगला स्त्रीपार्टी नट हा मंडळीचा सर्वांत मोलाचा माणूस असे.

याच महाराष्ट्रात, याच काळात, लुगड्याच्या लकबी अंगात घेतलेला दुसरा एक पुरुष होता. तो तमाशात होता आणि त्याला ‘नाच्या’ म्हणत. एकाला शासनाने पद्मभूषण दिले, पुण्यात त्याच्या नावाचे रंगमंदिर उभे राहिले. दुसऱ्याचे नाव आजही शिवीसारखे वापरले जाते. या तफावतीचे नेहमीचे स्पष्टीकरण असे की बालगंधर्वांची कला थोर होती आणि नाच्याची हलकी. बालगंधर्वांच्या गाण्याबद्दल वाद नाही, पण हे स्पष्टीकरण अपुरे आहे. पुरुषाच्या स्त्रीवेषाला मान मिळायचा की टिंगल, हे त्याच्या कौशल्याइतकेच आणखी एका गोष्टीवर ठरत आले: त्याच्या शेजारी रंगमंचावर खरी स्त्री उभी आहे की नाही. ती नव्हती तोवर त्याच्या हाती नायिका होती. ती आली आणि त्याला एक तर निवृत्त व्हावे लागले, नाही तर विदूषक व्हावे लागले. नाशिक जिल्ह्यापुरते पाहिले तरी या साऱ्या अवस्थांच्या खुणा सापडतात.

एकोणिसाव्या शतकात गाणारी-नाचणारी स्त्री महाराष्ट्रात नव्हती असे मुळीच नाही. कलावंतिणी होत्या, नायकिणी होत्या, कोल्हाटी समाजातल्या नर्तकी होत्या. त्यांची कला ऐकायला प्रतिष्ठित पुरुष जात, पण घरच्या बायकामुलांना घेऊन जात नसत. नाटक मंडळ्यांना नेमके हेच साधायचे होते. नाटक सहकुटुंब पाहता यावे, त्यात पुराण असावे, अभिजात संगीत असावे आणि बैठकीतल्या बाईची सावली त्यावर पडू नये. म्हणून नटी नको आणि नटीच्या जागी चांगल्या घरचा, सुरेल गळ्याचा, नाजूक चणीचा मुलगा हवा. स्त्रीपार्टीची प्रतिष्ठा अशी उभी राहिली. ज्या बायकांकडे गाणे आणि नाच यांची पिढ्यान् पिढ्यांची विद्या होती, त्यांना दाराबाहेर ठेवून ती मिळालेली होती. बालगंधर्वांच्या कौतुकात ही बाजू फार क्वचित सांगितली जाते. ती सांगितल्याने त्यांचे मोठेपण उणावत नाही, पण त्या मोठेपणाची किंमत कोणी मोजली ते कळते.

स्त्रीपार्टीचे आयुष्य मुळात फार थोडे असे. मुलगा दहा-बारा वर्षांचा असताना मंडळीत येई, तालीम मास्तराच्या हाताखाली नऊवारी नेसायला, पदर सावरायला, पाऊल आखडते घेऊन चालायला, बसताना गुडघे मिटायला शिके. गंगावन लावून अंबाडा घालणे, दाढीची निळसर छटा रंगाखाली झाकणे, हातांचा राकटपणा बांगड्या आणि बाजूबंदांनी मोडणे, ही सगळी विद्या होती. मग आवाज फुटे, ओठावर मिशी येई, खांदे रुंद होत, आणि कालची नायिका आज मंडळीला नकोशी होई. ज्यांच्याकडे गाणे होते ते तरले. केशवराव भोसले लहानपणी शारदा म्हणून गाजले आणि पुढे ‘ललितकलादर्श’चे नायक झाले. दीनानाथ मंगेशकरांनी ‘भावबंधन’मधली लतिका आणि ‘रणदुंदुभी’तली तेजस्विनी केली आणि ‘मानापमान’चा धैर्यधरही गाजवला. ज्यांच्याकडे नुसते रूप होते, ती मुले पुढे कुठे गेली याची नोंद नाट्येतिहासात जवळजवळ नाही.

नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म २६ जून १८८८ चा. घराणे मूळचे सांगली भागातल्या नागठाण्याचे. बालवयातले त्यांचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यांना ‘बालगंधर्व’ म्हटले, अशी परंपरागत आठवण आहे. भास्करबुवा बखले यांच्याकडे त्यांनी गाण्याची तालीम घेतली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या पाठबळाने १९०५ मध्ये ते किर्लोस्कर मंडळीत आले आणि शकुंतला झाले. भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये वारल्यापासून मंडळीला तोलामोलाची नायिका नव्हती, ती जागा या सतरा वर्षांच्या मुलाने भरली.

बालगंधर्वांचे वेगळेपण कशात होते हे नीट पाहावे लागते. बाईचा आवाज काढण्यासाठी त्यांनी गळा कधी चोरला नाही. त्यांचा मूळ आवाजच इतका गोड आणि लवचिक होता की त्यांना किनरेपणाची गरज पडली नाही. दुसरे म्हणजे त्यांनी बाईची नक्कल केली नाही. रस्त्यावरची किंवा माजघरातली बाई जशी चालते-बोलते तशी ‘मानापमान’मधली त्यांची भामिनी नव्हती. ती त्या काळच्या मध्यमवर्गाला हवी असलेली, कुलीन, लाजरी, मानी आणि तरीही मोहक अशी स्त्री होती. म्हणून पुरुष प्रेक्षक त्यांच्यावर लुब्ध झाले आणि बायकांनी त्यांच्याकडे पाहून लुगडे नेसण्याची, अंबाड्यावर गजरा माळण्याची ढब उचलली. पुरुषाने रचलेले स्त्रीत्व बायकांनी आपले म्हणून स्वीकारले. यात कलेचा विजय आहे, पण त्याचबरोबर बाईने कसे दिसावे हे ठरवण्याचा अधिकार पुन्हा एकदा पुरुषाकडेच गेला हेही खरे आहे.

२१ डिसेंबर १९०९ ची रात्र या रंगभूमीच्या प्रतिष्ठेची खरी मोजणी करते. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांची मुंबईला बदली झाली होती. त्यांना निरोप द्यायला शहरातल्या मंडळींनी विजयानंद नाट्यगृहात किर्लोस्कर मंडळीचा ‘शारदा’चा प्रयोग ठेवला. जॅक्सन प्रयोगाला आले आणि अनंत लक्ष्मण कान्हेरे या तरुणाने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. इतिहासात ती रात्र क्रांतिकारकांची म्हणून नोंदली गेली, आणि ते योग्यच आहे. नाटकाच्या अभ्यासकाला मात्र तिच्यात दुसरीही गोष्ट दिसते. जिल्ह्याच्या सर्वोच्च अधिकाऱ्याला निरोप देताना गावच्या प्रतिष्ठितांना जे सर्वांत शोभेसे वाटले, ते ज्या मंडळीची नायिका पुरुष होती तिचे नाटक. बालविवाहाविरुद्धचे गोविंद बल्लाळ देवलांचे हे नाटक बघताना नायिकेच्या जागी पुरुष आहे म्हणून कोणी हसत नव्हते. तो पुरुष तिथे होता म्हणूनच ते नाटक कलेक्टरसाहेबांसमोर करण्याजोगे ठरत होते.

पुढच्या दहा-बारा वर्षांत बालगंधर्वांची कारकीर्द कळसाला पोहोचली. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘मानापमान’चा पहिला प्रयोग १२ मार्च १९११ रोजी मुंबईत झाला. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली, तरी त्यांनी प्रयोग केला. १९१३ मध्ये गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी ‘गंधर्व नाटक मंडळी’ काढली. ‘स्वयंवर’ची रुक्मिणी १९१६ ची, राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ची सिंधू १९१९ ची. सिंधूचे महत्त्व वेगळे आहे. भरजरी शालू आणि अत्तराच्या फायांनी ओळखला जाणारा हा नट इथे दारुड्याच्या बायकोच्या फाटक्या लुगड्यात उभा राहिला आणि प्रेक्षकांनी त्यालाही तितक्याच प्रेमाने घेतले. त्यांच्या यशाचे श्रेय निव्वळ साजशृंगाराला देणाऱ्यांना सिंधू हे पुरेसे उत्तर आहे.

साजशृंगार मात्र प्रचंड होता. खरे शालू, खरे दागिने, साथीला सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर अहमदजान थिरकवा यांच्यासारखे मातब्बर. १९२० च्या ‘द्रौपदी’साठी मयसभेचा देखावा उभा करताना पैशाकडे पाहिले गेले नाही, आणि मंडळी कर्जात बुडाली. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ झाले. केशवराव भोसले धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. लहानपणी शारदेच्या वेषात नावारूपाला आलेला पुरुष नायक आणि अजूनही नायिकाच असलेला पुरुष एका रंगमंचावर आले, आणि महाराष्ट्राने तो सोहळा डोक्यावर घेतला. त्याच वर्षी केशवराव वारले.

याच काळात नाशिकशी जोडलेली स्त्रीवेषाची दुसरी कहाणी घडत होती, आणि ती फार कमी लोकांना ठाऊक आहे. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांना ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती मिळेना. घरंदाज बायकांचा प्रश्नच नव्हता, पण नायकिणींनीही कॅमेऱ्यापुढे यायला नकार दिला. जिवंत प्रेक्षकांपुढे नाचणाऱ्या बायकांनाही सिनेमा हलका वाटावा, यावरून या नव्या धंद्याची पत समजते. शेवटी मुंबईत ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणारा अण्णा साळुंके हा सडपातळ तरुण फाळक्यांच्या नजरेत भरला. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये चित्रपट लागला आणि भारतीय पडद्यावरची पहिली नायिका म्हणून हा आचारी इतिहासात गेला. स्त्रीभूमिकेसाठी मिशी उतरवायला फाळक्यांचे नट तयार नव्हते, कारण बाप जिवंत असताना मिशी काढणे अशुभ, ही हकिकत प्रसिद्धच आहे. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये साळुंके एकाच चित्रपटात राम आणि सीता दोन्ही झाले.

साळुंके यांचे नशीब बालगंधर्वांहून निराळे होते. मूकपटात गळ्याला किंमत नव्हती, आणि त्यांच्यापाशी घराण्याचे वा संगीताचे कवच नव्हते. शिवाय फाळक्यांनी स्त्रीचा शोध थांबवला नाही. ‘राजा हरिश्चंद्र’नंतर त्यांनी आपला कारखाना नाशिकला आणला आणि १९१३ मध्येच ‘मोहिनी भस्मासुर’ काढला. त्यात दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमला मोहिनी. पुढे नाशिकमध्येच ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी’त १९१९ मध्ये ‘कालिया मर्दन’ तयार झाला, त्यात बाळकृष्णाची भूमिका फाळक्यांच्या मुलीने, मंदाकिनीने केली. मुलाने मुलगी आणि मुलीने मुलगा होण्याची ही अदलाबदल त्या कारखान्यात कामाची गरज म्हणून चालली होती, तिला कोणी पाप किंवा क्रांती म्हटले नाही. साळुंके हळूहळू कॅमेऱ्यामागे गेले आणि छायाचित्रणाकडे वळले. नायिकेच्या जागेवरून बाजूला होण्याचा इतका शांत मार्ग त्या पिढीतल्या फार थोड्यांना मिळाला. १९३२ मध्ये ‘प्रभात’ने ‘अयोध्येचा राजा’ काढला तेव्हा तारामती झाल्या दुर्गा खोटे, मुंबईच्या सुखवस्तू, सुशिक्षित घरातल्या. एकाच पात्राच्या या दोन चित्रपटांत अवघे एकोणीस वर्षांचे अंतर आहे, आणि तेवढ्यात स्त्रीपार्टीचे युग संपले.

बालगंधर्वांना हे संपणे सोसले नाही. बोलपट आला, नाटकाची थिएटरे सिनेमाला गेली, हिराबाई बडोदेकरांसारख्या गायिका स्वतः रंगमंचावर उभ्या राहिल्या. १९३५ मध्ये ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’त त्यांनी संत एकनाथ केले. विष्णुपंत पागनीस हेही मूळचे स्त्रीपार्टी, त्यांना पुढच्याच वर्षी ‘संत तुकाराम’ मिळाला आणि ते तुकाराम म्हणूनच अजरामर झाले. लुगडे सोडलेल्या दोन नटांना सिनेमाने संताची भूमिका द्यावी, हा योगायोग नसावा. ज्याच्याकडून मर्दानी नायकाचे प्रेम लोकांना पटणार नाही, त्याला वासनेपलीकडचा पुरुष केले की अडचण सुटते. पागनिसांनी ही वाट पकडली. बालगंधर्व मात्र परत स्त्रीवेषाकडे गेले. १९३७ च्या ‘साध्वी मीराबाई’त पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांनी मीरा केली आणि चित्रपट पडला. रंगमंच आणि प्रेक्षक यांच्यामध्ये जे अंतर असते, मेणबत्त्या-गॅसबत्त्यांच्या काळापासून जो प्रकाश सवयीचा असतो, आणि ऐकणाऱ्याच्या मनात आधीपासून जे प्रेम असते, त्या सगळ्यांवर त्यांची मोहिनी उभी होती. कॅमेऱ्याने ते अंतर पुसले.

१९३८ मध्ये गोहरबाई कर्नाटकी मंडळीत आल्या. त्या गायिका होत्या, बालगंधर्वांच्या गायकीच्या निस्सीम उपासक होत्या. आता नायिका गोहरबाई आणि नायक बालगंधर्व असा क्रम आला. प्रेक्षकांना तो पचला नाही, आणि गोहरबाई मुसलमान असल्याने समाजाच्या रागाला धार आली. पहिली पत्नी लक्ष्मीबाई १९४० मध्ये वारल्या, १९५१ मध्ये बालगंधर्वांनी गोहरबाईंशी लग्न केले. ज्या समाजाने त्यांना लुगड्यात देव मानले, त्याच समाजाने त्यांना धोतरात स्वीकारले नाही. हा त्यांच्या आयुष्यातला सर्वांत कडवट भाग आहे, आणि त्याचा दोष सगळा गोहरबाईंच्या माथी मारण्याची जुनी सवय अन्यायाची आहे. १९५५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९६४ मध्ये पद्मभूषण असे मान मिळत गेले, पाय मात्र अधू झाले आणि पैसा उरला नाही. १५ जुलै १९६७ रोजी ते वारले. पुढच्या वर्षी पुण्यात बालगंधर्व रंगमंदिर सुरू झाले.

तमाशातला क्रम उलटा आहे. पेशवाईतल्या तमाशात बायका नव्हत्या. सिन्नर भागातले शाहीर परशराम (१७५४–१८४४), होनाजी, राम जोशी यांच्या काळात लावणीवर नाचणारा तो ‘नाच्या पोऱ्या’, म्हणजे लुगडे नेसलेला कोवळा मुलगा. तो फडाचे आकर्षण होता आणि त्याच्या नाचावर दौलतजादा होई. म्हणजे त्या वेळी त्याचे स्थान फडात जवळजवळ तेच होते जे पुढे किर्लोस्कर मंडळीत भाऊरावांचे झाले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पठ्ठे बापूरावांच्या फडात पवळा हिवरगावकर नाचू लागली. ती संगमनेर भागातल्या हिवरगावची. तिच्यानंतर तमाशाच्या फडाला बाई ही गरज झाली आणि लुगड्यातल्या पोराचा नाच संपला.

पण तमाशाने त्याला हाकलले नाही, त्याचे काम बदलले. गण झाल्यावर गौळण येते, त्यात गवळणींबरोबर मथुरेच्या बाजाराला निघालेली ‘मावशी’ असते. ती पुरुषच करतो. कृष्ण आणि पेंद्या वाट अडवतात, तेव्हा बोलाचालीत त्यांना पुरून उरते ती मावशी. शिवाय नर्तकींच्या मागे हातवारे करत, कमरेवर हात ठेवून, लाडिक मुरके मारत उभा राहणारा नाच्या आहेच. त्याने आता बाई व्हायचे नसते. खरी बाई समोर नाचत असते, आणि तिच्या शेजारी तो अर्धवट बाई म्हणून उभा असतो. त्याच्यावर लोकांनी हसावे म्हणूनच त्याला तिथे ठेवलेले असते. फडातला विनोदी नट, सोंगाड्या, हजरजबाबी म्हणून मान मिळवतो, नाच्याच्या वाट्याला नुसते हसे येते.

हे हसे गावागावांत कसे पोहोचले ते समजायला निफाड तालुक्यातल्या पिंपळगाव बसवंतसारखी ठिकाणे उपयोगी पडतात. नाशिकपासून जवळपास तीस किलोमीटरवर, मुंबई-आग्रा रस्त्यावरची ही द्राक्षांची, कांद्याची आणि टोमॅटोची बाजारपेठ. दसऱ्याला फड बाहेर पडतात आणि वैशाखापर्यंत फिरतात. द्राक्षांची काढणी आणि उन्हाळ कांद्याचे दिवस याच हंगामात येतात, पंचक्रोशीतल्या यात्रा-जत्राही याच काळात भरतात. हातात पैसा असतो, यात्रा कमिटी सुपारी देऊन फड ठरवते. रात्री वग, दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी आणि दुपारी कुस्त्या, असा यात्रेचा ठरीव क्रम. विजयानंद नाट्यगृहातली शारदा ज्या जिल्ह्यात आदराने पाहिली गेली, त्याच जिल्ह्यातल्या यात्रांच्या मंडपांत नाच्याला पाहून शिट्ट्या मारल्या गेल्या. प्रेक्षकांच्या दोन वर्गांनी स्त्रीवेषातल्या दोन पुरुषांकडे दोन नजरांनी पाहिले. त्यात जातीचा हिशेबही आहेच. तमाशाचे फड प्रामुख्याने महार, मांग, कोल्हाटी आणि इतर कष्टकरी समाजांतल्या कलावंतांनी चालवले. त्यांचे कसब रात्रभर पाहून सकाळी त्यांना हलके लेखण्याची रीत गावाने कधी सोडली नाही, आणि नाच्या त्या उतरंडीतही खालच्या पायरीवर राहिला.

ही पायरी पडद्यावर नेली गणपत पाटील यांनी. कोल्हापूरच्या या नटाने तमाशापटांच्या सुवर्णकाळात, ‘सवाल माझा ऐका’ (१९६४), ‘केला इशारा जाता जाता’ (१९६५) अशा चित्रपटांत नाच्या साकारला आणि तो इतका बेमालूम साधला की दुसरी भूमिका त्यांना क्वचितच मिळाली. खाजगी आयुष्यात ते संसारी, मुलाबाळांचे गृहस्थ होते. तरी लोकांनी त्यांच्या पुरुषत्वावर शंका घेतली, आणि तिचा त्रास घरच्या माणसांना, मुलांच्या सोयरिकी जुळवण्यापर्यंत भोगावा लागला. ‘रंग नाच्याचा’ या नावाने त्यांनी आत्मचरित्र लिहिले. २००८ मध्ये ते वारले. बालगंधर्वही संसारी होते, मुलीबाळींचे बाप होते, त्यांच्या भामिनीवरून कोणी त्यांच्या घराला असा प्रश्न विचारला नाही. भामिनीने पुरुषाला पूर्ण झाकले होते. नाच्यात पुरुष दिसत राहतो आणि त्याच्यात काहीतरी बायकी आहे हे उघड दाखवले जाते. समाजाला भीती वाटते ती या उघडेपणाची. पूर्ण वेषांतर त्याला चालते, सीमेवर उभा राहिलेला माणूस चालत नाही.

हे समजून घ्यायला दोन चित्रपट शेजारी ठेवावेत. दोन्हींचे दिग्दर्शक रवी जाधव. २०१० चा ‘नटरंग’ आनंद यादवांच्या कादंबरीवर बेतलेला, त्यात अतुल कुलकर्णी यांनी गुणा कागलकर उभा केला. कुस्तीने कमावलेले शरीर असलेला शेतमजूर, वग लिहिण्याचे वेड लागलेला. फडाला नाच्या हवा आणि कोणी तयार होत नाही म्हणून तोच नाच्या होतो, कमावलेले अंग उतरवतो. त्याला मिळतात टोमणे, राजकारण्यांचा सूड, अत्याचार आणि घरच्यांचा तिरस्कार. २०११ च्या ‘बालगंधर्व’मध्ये सुबोध भावे. तिथे दुःख आहे ते कर्जाचे, उधळपट्टीचे, उतरत्या काळाचे, पण नायकाच्या पुरुषत्वाचा प्रश्न कथेच्या केंद्रस्थानी येत नाही. एकाच दिग्दर्शकाने दीड वर्षाच्या आत केलेली ही दोन चित्रे अभ्यासक्रमात एकत्र शिकवावीत इतकी एकमेकांवर प्रकाश टाकतात.

कलेच्या दर्जावरच सगळे ठरते असे म्हणणाऱ्यांना दशावताराकडे बोट दाखवता येते. सिंधुदुर्गात आणि गोव्याच्या काही भागांत दशावताराच्या मंडळ्यांत आजही सगळे कलाकार पुरुष असतात, स्त्रीपात्रेही तेच करतात. त्यांच्या गाण्यात बालगंधर्वी अभिजातता नसते, पोशाख ट्रंकेत मावणारा असतो, संवाद ऐनवेळी रचले जातात. तरीही ओमप्रकाश चव्हाण यांच्यासारख्या स्त्रीपात्र करणाऱ्या कलावंताला कोकणात आदर मिळतो. कारण मंडळीत नायिकेची जागा अजून त्याचीच आहे, आणि नाटक देवळाच्या जत्रेशी बांधलेले आहे. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या आदिवासी भागातल्या बोहाडा या मुखवट्यांच्या उत्सवातही देवींचे मुखवटे पुरुषच चढवतात. मुखवटा चढला की समोर देवी असते आणि नमस्कार तिला होतो. इथेही शेजारी खरी स्त्री नाही, म्हणून तुलना नाही, म्हणून हसे नाही.

नायिका, निवृत्त नट आणि विदूषक या तीन अवस्थांनंतर आता चौथी आली आहे. रंगमंचावर स्त्रिया आहेत, पडद्यावर आहेत, आणि तरीही पुरुष किंवा पारलिंगी कलावंत आपल्या मर्जीने स्त्रीवेष घेऊन उभे राहू लागले आहेत. शहरांतल्या लावणीच्या कार्यक्रमांत पुरुष नर्तक नऊवारी नेसून अदा करतात. मुंबईत वाढलेले सुशांत दिवगीकर ‘राणी कोहिनूर’ या नावाने सादरीकरण करतात. २०१८ मध्ये दूरचित्रवाणीच्या गाण्याच्या स्पर्धेत त्यांनी स्त्री आणि पुरुष अशा दोन्ही आवाजांत गाऊन दाखवले, तेव्हा लाखो घरांनी ही कला पहिल्यांदा पाहिली. कायदाही हलला. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली, ६ सप्टेंबर २०१८ रोजी समलिंगी संबंधांना गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. पाश्चात्त्य शहरांत या कलेला ‘ड्रॅग’ म्हणतात आणि मराठीतही तो शब्द रुळतो आहे.

आजचे हे कलावंत आपला पूर्वज म्हणून बालगंधर्वांचे नाव घेतात. ते स्वाभाविक आहे, त्या नावामागे पद्मभूषण आहे, रंगमंदिर आहे, ध्वनिमुद्रिकांचा मोठा साठा आहे. पण बालगंधर्व बाईची जागा घेत होते. तिच्या अनुपस्थितीत तिचे काम करत होते आणि स्वतःचा पुरुष पूर्ण लपवत होते. आजचा ड्रॅग कलावंत कोणाची जागा घेत नाही. तो बायकांच्या शेजारी उभा राहतो, आपला पुरुषपणा आणि बायकीपणा दोन्ही एकदम दाखवतो, प्रेक्षकांशी थेट बोलतो, हसवतो, टोला हाणतो आणि सीमेवर उभे राहण्याची भीड बाळगत नाही. हे सगळे तमाशातली मावशी आणि नाच्या यात्रांच्या मंडपांत पिढ्यान् पिढ्या करत आले. फरक एवढा की नाच्यावर हसण्याचा हक्क प्रेक्षकांकडे होता आणि आज कुठे हसायचे हे कलावंत स्वतः ठरवतो. म्हणून या कलेची मराठी वंशावळ लिहायची झाली तर तिच्यात नाच्याचे नाव बालगंधर्वांच्या बरोबरीने यावे लागेल. ते लिहिणे अवघड आहे, कारण फडांतल्या बहुतेक नाच्यांची नावे कोणी टिपलेली नाहीत. जे म्हातारे कलावंत अजून हयात आहेत, त्यांच्याकडून ती आत्ताच लिहून घ्यावी लागतील.